अनाथाश्रमात वाढलेल्या पोराने गाड्यांना कार्ब्युरेटर दिला, त्याचं नाव मायबाख

पावसाळ्यात मुळशीमार्गे ताम्हिणी घाटात जाणाऱ्या बाइक्समध्ये अजूनही एखादी जुनी कार्ब्युरेटरवाली दिसते. सकाळी गारठ्यात चोक ओढायचा, चार किका मारायच्या, मग ती सुरू होणार. पण हा कार्ब्युरेटर आणला कोणी?

मायबाख म्हटलं की आज कोट्यवधींची गाडी आठवते. पण ज्याच्यावरून हे नाव आलं तो विल्हेल्म मायबाख गरिबीत वाढला. १८४६ साली जर्मनीतल्या हाइलब्रॉनमध्ये त्याचा जन्म झाला. दहा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले. रॉयट्लिंगेनच्या एका सेवाभावी संस्थेने त्याला सांभाळलं. तिथल्याच वर्कशॉपमध्ये तो ड्रॉइंग शिकला आणि तिथेच त्याला गॉटलिब डाइमलर भेटला. पुढे डाइमलर वारेपर्यंत ही जोडी टिकली.

१८८५ साली दोघांनी हलकं, वेगाने फिरणारं पेट्रोल इंजिन लाकडी दुचाकीवर बसवलं. अडचण होती ती पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाची. तेव्हा पेट्रोलच्या वाफेवर काम भागवायचे. त्यामुळे मिश्रणाचा भरवसा नसायचा.

१८९३ मध्ये मायबाखने फवारा कार्ब्युरेटर आणला. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने बारीक नळीतून पेट्रोल खेचलं जातं आणि त्याचा फवारा होतो. फ्लोटमुळे पेट्रोलची पातळी कायम राहते. ना वायर, ना सेन्सर. त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही अशाच कार्ब्युरेटरचं पेटंट मागितलं होतं.

१९०० साली डाइमलर गेला. मायबाखने घडवलेल्या ३५ हॉर्सपॉवरच्या मर्सिडीजने १९०१ मध्ये धुरळा उडवला. पण कंपनीत त्याचं पटेना. १९०७ मध्ये तो बाहेर पडला. साठी ओलांडलेल्या या माणसाने मग मुलगा कार्लसोबत झेपेलिन हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवणारी कंपनी उभी केली. १९२९ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

कार्ब्युरेटरची एक मर्यादा होती. हवा विरळ झाली किंवा थंडी पडली तरी जेट तोच राहतो. फ्युएल इंजेक्शनमध्ये सेन्सर बघतात आणि ईसीयू पेट्रोलचं माप बदलतो. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या बाइकमधून कार्ब्युरेटर गेला.

तरीही काही जण इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवतात, कारण तो रस्त्यात पान्याने उघडता येतो. पण नुसता कार्ब्युरेटर लावून भागत नाही. इंजेक्शनच्या पंपाचं प्रेशर त्याला चालत नाही, आणि स्पार्कची वेळही ईसीयूच ठरवत असल्याने त्याचीही वेगळी सोय करावी लागते. शिवाय धूर वाढतो, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही.

मायबाखचा सगळा खटाटोप मिश्रण नेमकं व्हावं यासाठी होता. इंजेक्शनने तेच काम पुढे नेलं.