र. धों. कर्वे: लोकांनी 'अश्लील' ठरवलेल्या माणसाचा हेतू काय होता?

एखादा माणूस असा का वागतो, याचं उत्तर आपण झटकन देऊन टाकतो. त्याचा स्वभावच तसा, म्हणून मोकळे होतो. परिस्थिती आणि कारणं बघायची राहूनच जातात. मानसशास्त्रात या चुकीला 'फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर' म्हणतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांना अशाच घाईच्या निवाड्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे रघुनाथ गणिताचे प्राध्यापक झाले, शिक्षणासाठी पॅरिसलाही जाऊन आले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं.

लागोपाठच्या बाळंतपणांनी बायकांचे होणारे हाल थांबावेत, मूल कधी आणि किती हे त्यांना ठरवता यावं, असा त्यांचा आग्रह होता. लोकांनी मात्र वेगळाच अर्थ काढला. हा माणूस लैंगिक विषयावर उघड बोलतो, म्हणजे त्याच्याच मनात काहीतरी घाण असणार! याच प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली.

१९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. लोकांचा संशय त्यानं आणखी पक्का झाला. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही निकाल विरोधात गेला आणि दंड भरावा लागला.

चैन किंवा पैसा हा हेतू असता, तर त्यांचं आयुष्य असं दिसलं नसतं. प्राध्यापकी गेली, मासिकानं श्रीमंती दिली नाही, तरी ते २६ वर्षं चालवलं. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. या जोडप्यानं स्वतः मूल होऊ दिलं नाही. म्हणजे जे लोकांना सांगितलं, ते आधी घरात पाळलं.

१९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या विषयापायी कर्व्यांची नोकरी गेली, तो आता सरकारी धोरण झाला होता. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे गेले.