सोलापूरच्या चार हुतात्म्यांमध्ये एक संपादक होता. कोण होते ‘गझनफर’चे कुर्बान हुसेन?

राज्यात ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ मध्ये याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले होते. त्यानंतर सहाच दिवसांनी, १२ जानेवारीला, सोलापूर आपल्या चार हुतात्म्यांना अभिवादन करते. या चौघांपैकी एक जण वृत्तपत्राचा संपादक होता. मात्र पत्रकार दिनाच्या भाषणांत त्याचे नाव क्वचितच येते आणि हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमात त्याच्या वृत्तपत्राचा उल्लेख फारसा होत नाही.

मैंदर्गी, दुधनी किंवा अक्कलकोटहून सोलापूरला जाणाऱ्यांनी शहरातील चार हुतात्मा पुतळे पाहिलेले असतात. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसच्या नावातही याच हुतात्म्यांची आठवण आहे. पण ‘गझनफर’चे संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन कोण होते, त्यांना फाशी का झाली आणि आजच्या पत्रकारांशी त्या घटनेचा काय संबंध आहे? सविस्तर जाणून घेऊया.

कुर्बान हुसेन कोण होते?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे शहर. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचा दिवस चालायचा. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारी-शेजारी राहत होती. सभा भरवायची, संप करायचा किंवा मिरवणूक काढायची, तर लोक जमवायला वेळ लागत नसे.

कुर्बान हुसेन याच शहरातले तरुण कार्यकर्ते. कामगारांमध्ये ऊठबस, हिंदू-मुस्लिम ऐक्याचा आग्रह आणि स्वातंत्र्य चळवळीत उघड सहभाग, अशी त्यांची ओळख होती. त्यांनी ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवले. गझनफर म्हणजे सिंह. नाव ‘केसरी’च्या अर्थाचेच होते. मात्र ‘केसरी’मागे पुण्यासारखे शहर, मोठा वाचकवर्ग आणि नामवंत वकिलांची फळी होती. गिरणगावातल्या एका छोट्या पत्राच्या संपादकाकडे यातले काहीच नव्हते. फाशी गेले तेव्हा कुर्बान हुसेन यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती.

८ मे १९३० रोजी सोलापुरात काय घडले?

मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला होता. ५ मे १९३० रोजी पहाटेपूर्वीच महात्मा गांधींना गुजरातमधील कराडी येथे अटक झाली. बातमी सोलापुरात पोहोचताच हरताळ पडला, मिरवणुका निघाल्या.

८ मे रोजी परिस्थिती हाताबाहेर गेली. दारूबंदीच्या चळवळीचा भाग म्हणून रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी जमाव गेला होता. पोलिसांनी काही जणांना पकडले, त्यांच्या सुटकेची मागणी झाली आणि तणाव वाढत गेला. मल्लप्पा धनशेट्टी जमावाला शांत करण्याचा प्रयत्न करत होते, असे सोलापूरच्या आठवणींत सांगितले जाते. त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण मृत्युमुखी पडला.

त्यानंतर जमावाचा संताप अनावर झाला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकी आणि न्यायालयाची इमारत पेटवण्यात आली. चौकीवरील हल्ल्यात पोलिसांचा मृत्यू झाला. पुढचे काही दिवस ब्रिटिश प्रशासनाचा शहरावरील ताबा जवळपास सुटला होता.

मार्शल लॉमध्ये काय झाले?

१२ मे रोजी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागू झाला. तो ३० जूनपर्यंत चालला. शहराचा कारभार लष्कराकडे गेला. गांधी टोपी घालणे किंवा राष्ट्रीय झेंडा बाळगणे हासुद्धा गुन्हा ठरला. काँग्रेसचे कार्यकर्ते पकडले गेले, लष्करी न्यायालयांतून शिक्षा सुनावल्या गेल्या.

पत्रकारही यातून सुटले नाहीत. ‘कर्मयोगी’ या सोलापूरच्या वृत्तपत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. एका शहरातले दोन संपादक एकाच उन्हाळ्यात सरकारच्या तावडीत सापडले. एक तुरुंगात गेला, तर दुसऱ्यावर थेट खुनाचा खटला उभा राहिला.

कुर्बान हुसेन यांना कोणत्या आरोपावरून फाशी झाली?

‘गझनफर’मध्ये काही छापले म्हणून त्यांना फाशी झाली नाही. मंगळवार पेठ चौकीवरील हल्ला आणि पोलिसांची हत्या, या प्रकरणात त्यांना आरोपी करण्यात आले. त्यांच्यासोबत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे तिघे होते. चौघांच्या नावांतूनच तेव्हाच्या सोलापूरची वीण दिसते.

न्यायालयाने चौघांना दोषी धरले आणि फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयातही ही शिक्षा कायम राहिली. चळवळीचे नेतृत्व मोडून काढण्यासाठी या चौघांना गोवले गेले, ही सोलापूरकरांची तेव्हाची भावना होती आणि आजही आहे. फाशी टळावी म्हणून प्रयत्न झाले, पण ते निष्फळ ठरले.

१२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. मंगळवार पेठेतील घटनेपासून फाशीपर्यंत अवघे आठ महिने आणि चार दिवस गेले होते.

त्या काळी वृत्तपत्र चालवणे किती कठीण होते?

सरकारकडे वृत्तपत्रांना आवरण्याचे मुख्य हत्यार होते जामिनाचे. १९१० च्या प्रेस कायद्यानुसार नवा छापखाना सुरू करणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत मागता येत असे. छापलेला मजकूर सरकारला आक्षेपार्ह वाटला, तर ती रक्कम जप्त व्हायची. पुन्हा छपाई करायची तर १,००० ते १०,००० रुपये नव्याने भरावे लागत. त्यानंतरही मजकूर खटकला, तर छापखानाच जप्त होण्याची वेळ येत असे.

हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. पण मिठाचा सत्याग्रह पेटताच २७ एप्रिल १९३० रोजी वटहुकूम काढून त्यातील तरतुदी पुन्हा आणल्या गेल्या. गांधीजींच्या नवजीवन छापखान्याने जामीन भरण्यास नकार दिला, तेव्हा तो जप्त झाला. पुढे १९३१ मध्ये याच धर्तीवर स्वतंत्र कायदा करण्यात आला. सोलापुरातील घटना हा वटहुकूम निघाल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत घडल्या. मोठ्या पत्राला अनामत भरताना घाम फुटायचा, छोट्या पत्राला मात्र नुसती नोटीसच पुरेशी होती.

टिळकांच्या खटल्यापेक्षा हे प्रकरण वेगळे कसे?

लोकमान्य टिळकांवर १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला चालला, तो ‘केसरी’तील लेखांवरून. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवण्यात आले. ‘काळ’चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांनाही त्याच वर्षी लिखाणाबद्दल तुरुंगवास झाला. दोन्ही प्रकरणांत सरकारने उघडपणे लेखणीलाच आरोपी केले. त्यामुळे ही नावे वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात पक्की झाली.

कुर्बान हुसेन यांच्या बाबतीत आरोपपत्रात वृत्तपत्र नव्हते. आरोप खुनाचा होता. परिणाम मात्र असा झाला की शहरातले एक वृत्तपत्र संपादकाला मुकले आणि ती घटना वृत्तपत्रावरील घाला म्हणून कुठे नोंदली गेली नाही. त्यांची आठवण राहिली ती हुतात्मा म्हणून. त्यांच्यातला संपादक मागे पडला.

लेख बंद पाडायचा असेल तर नेहमी लेखावरच बंदी घालावी लागते असे नाही. लिहिणारा माणूस दूर केला तरी काम होते. कधी हे हल्ल्यातून होते, कधी लिखाणाशी संबंध नसलेल्या गुन्ह्यात अडकवून होते.

आजचा कायदा पत्रकारांना काय संरक्षण देतो?

राज्यघटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्याचे वेगळे कलम नाही. कलम १९(१)(अ) मधील अभिव्यक्ती स्वातंत्र्यातच ते धरले जाते.

हल्ल्यांबाबत महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. विधिमंडळाने २०१७ मध्ये विधेयक मंजूर केले आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर कायदा झाला. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

- कर्तव्य बजावताना पत्रकारावर हल्ला किंवा माध्यम संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.
- तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडे.
- नुकसानभरपाई आणि उपचाराचा खर्च दोषीकडून वसूल करण्याची सोय.
- खोटी तक्रार केल्यास तक्रारदारालाही शिक्षा.

कायदा असूनही धोका संपलेला नाही. मुंबईत जून २०११ मध्ये पत्रकार जे. डे यांची गोळ्या घालून हत्या झाली, त्यानंतर असा कायदा हवा ही मागणी जोर धरत गेली. कायदा झाल्यानंतरही फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांचा वाहनाच्या धडकेत मृत्यू झाला आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा दाखल झाला. वारिशे कोकणातील रिफायनरीच्या वादावर बातम्या देत होते.

छोट्या गावातील बातमीदाराचे काय?

मैंदर्गीसारख्या नगरपरिषदेच्या गावात बातमी देणारे मोजकेच असतात. ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची, तो रोज बाजारात भेटणारा असतो. बातमी कोणी दिली, हे विचारावे लागत नाही. मोठ्या शहरातील पत्रकारामागे संस्था आणि वकील उभे राहतात. गावातील बातमीदार अनेकदा मानधनावर काम करतो.

२०१७ च्या कायद्यात कंत्राटी पत्रकारांचाही समावेश आहे. मात्र त्यासाठी माध्यम संस्थेशी नाते दाखवावे लागते. म्हणून ओळखपत्र आणि नियुक्तीपत्र जपून ठेवणे गरजेचे ठरते. स्वतःच्या मोबाइलवरून एकट्याने बातम्या देणाऱ्याला या कायद्याचा आधार मिळणे अवघड आहे.

शिवाय हा कायदा हल्ल्यापुरता आहे. दुसऱ्याच एखाद्या गुन्ह्यात अडकवले गेल्यास पत्रकाराला इतर कोणत्याही नागरिकाप्रमाणे न्यायालयातच लढावे लागते. ‘गझनफर’च्या संपादकाची ती लढाई आठ महिन्यांत संपली होती.

१२ जानेवारीला जिजाऊ जयंती आणि स्वामी विवेकानंद जयंतीही असते. मोबाइलवरच्या शुभेच्छांच्या गर्दीत सोलापूरचे चार हुतात्मे सहज मागे पडतात. त्या चौघांत एक संपादक होता, हे किमान सोलापूर जिल्ह्यातील बातमीदारांनी आणि वाचकांनी लक्षात ठेवायला हवे.