पाठमोरा माणूस

परभणीला आमच्या बैठकीत एक चित्र टांगलेले आहे. जुन्या इंग्रजी साप्ताहिकातून कापलेले, शाईच्या रेघांचे; खालची ओळ कात्रीत गेलेली. अरुंद गल्ली, लाकडी सज्ज्यांची घरे, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे, गर्दीत अडकलेली बैलगाडी. बरीच वर्षे मी ते आगीचे चित्र समजत होतो. पण आग लागली की माणसे वळून वळून बघतात. इथे एकही मान मागे वळलेली नाही, धूर नाही, बादली नाही. एका दाराशी मात्र लहान लहान वर्तुळे काढलेली.

त्या वर्तुळांनी उलगडा केला. ही १८९६-९७ ची मुंबई. प्लेगने माणूस गेला की घरावर असे वर्तुळ काढीत. सगळी गल्ली बाहेर धावते आहे आणि हातात पेटी घेतलेला एक पाठमोरा माणूस त्याच दारातून आत शिरतो आहे. त्याला मी डॉ. व्हिएगस म्हणतो. चित्रकाराने तसे लिहिलेले नाही. कादंबरीकाराची खोड म्हणा.

अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस मूळ गोव्यातल्या हडफड्याचे, जन्म १८५६ चा. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते मुंबईत मांडवी भागात रोगी तपासू लागले. मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याच्या वखारी; उंदरांची चंगळ आणि माणसांना हवेची टंचाई. सप्टेंबर १८९६ मध्ये तापाने फणफणलेले, जांघेत गाठ आलेले रोगी त्यांनी पाहिले आणि महापालिकेत हा प्लेग आहे असे सांगितले. गाठीचा ताप म्हणून भागले असते. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, व्यापार बुडणार. माझा जन्म बँकेत गेला. बुडीत कर्जाला बुडीत म्हणणारा अधिकारी कुणाला नको असतो, हे मी पाहिले आहे. पुढे तपासण्या झाल्या आणि निदान खरे ठरले.

काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. व्हिएगस राहिले. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली; ती व्हिएगस यांनी सुमारे १८ हजार लोकांना टोचली असे सांगतात. १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले, १९३३ मध्ये वारले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्याकडे मान वर करून कोण बघतो!

१९९४ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या मामल्याला प्लेगची बातमी आली, पाठोपाठ सुरतेची. आमच्या शाखेत रोखपाल तोंडाला रुमाल बांधून नोटा मोजू लागला. एक दिवस बीडकडचे एक म्हातारे पीककर्जाचा हप्ता भरायला आले. गाव ऐकताच रांग फाटली. शाखेचा अधिकारी मी. त्यांना आत खुर्ची द्यायची सोडून मी शिपायाला सांगितले, बाबांना बाहेरच थांबव. ते काही बोलले नाहीत. नोटा शिपायाने आणल्या, पावतीही त्याच्याच हाती बाहेर पाठवली. काचेतून मला त्यांची पाठ तेवढी दिसली.