माळरानावरचा कारखाना

सांगली जिल्ह्यात पुणे-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक आहे. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड असे होते. १९१० सालापूर्वी तेथे गाव नव्हते. जिकडे पाहावे तिकडे निवडुंग माजलेला असे आणि त्याच्या जाळीत नागांचे वास्तव्य असे. अशा ओसाड माळावर ज्यांनी कारखाना उभारला आणि त्याभोवती एक नांदते गाव वसविले, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर होत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींचे वेड होते : एक चित्रकलेचे आणि दुसरे यंत्रांचे. घरच्या रीतीस सोडून असलेल्या या विद्या मुलाने शिकाव्यात, हे वडिलांना रुचले नाही. परंतु वडील बंधू रामूअण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी खर्चाचा भार उचलला आणि लक्ष्मणराव मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्यापुढे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे? दुसरा एखादा मुलगा निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंगांचा नाद सोडला. पण रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंगांची गरज नसते. त्यांनी ती विद्या इतकी चांगली हस्तगत केली, की पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकविण्यासाठी त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. शिकविता शिकविता तेथील यंत्रेही त्यांनी बारकाईने अभ्यासिली.

या सुमारास मुंबईत सायकली दिसू लागल्या होत्या. त्या श्रीमंतांनाच परवडत. एकेका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, असा उद्योग या भावांनी आरंभिला. सायकल चालविण्यास शिकविण्याचे १५ रुपये ते घेत. किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा प्रारंभ १८८८ सालापासून मानला जातो, तो या छोट्या धंद्यामुळेच.

तंत्रशाळेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा दुसऱ्यास देण्यात आली. पारतंत्र्याच्या त्या काळात एतद्देशीयांच्या वाट्यास असा अन्याय नेहमी येई. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास आले. यापुढे दुसऱ्याची चाकरी करावयाची नाही, असा त्यांनी निश्चय केला.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना काढला. परदेशी पुस्तके व मासिके वाचून आणि स्वतः हातात हत्यार धरून ते नवी यंत्रे बनवू लागले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि नंतर लोखंडी नांगर हाती घेतला.

आपला जुना लाकडी नांगर जमीन उकरतो. पण माती पुरती उलटवीत नाही. त्यामुळे हरळी व कुंदा यांची मुळे खोल तशीच राहतात. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्यामागचा वक्र पत्रा माती पालथी घालतो. गवताची मुळे वर येऊन उन्हाने वाळतात व जमीन मोकळी होते. इतका उपयोगी नांगर शेतकऱ्यांनी हातोहात नेला असेल, असे आपणांस वाटेल. पण तसे घडले नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा त्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना दोष दिला नाही. ज्याचे पोट एका पिकावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूस भितो, हे ते जाणत होते. त्यांनी धीर धरला. शेतात चाललेला नांगर लोकांनी डोळ्यांनी पाहिला आणि हळूहळू मागणी वाढू लागली.

धंद्याचा जम बसतो न बसतो, तोच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मागितली. यंत्रे आणि माणसे घेऊन कोठे जावे? हे संकट औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या कानी गेले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि सुमारे २५ कामगार आपापली कुटुंबे घेऊन त्या माळावर आले. त्यांनी निवडुंग तोडला, विंचूकाट्यांशी झुंज दिली आणि झोपड्यांशेजारी कारखाना उभा केला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. रणांगणावर मृत्यू पसरविणाऱ्या लोखंडाचे नांगर झाले आणि ते शेतात अन्न पिकवू लागले! १९२० साली या धंद्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. पुढे नांगरांच्या जोडीस उसाचे चरक, पंप आणि लोखंडी सामानही तेथे तयार होऊ लागले.

माणसांची पारख हा लक्ष्मणरावांचा मोठा गुण होता. शाळेच्या परीक्षेत मागे पडलेल्या तरुणांना त्यांनी जबाबदारीची कामे दिली व ते त्यांत चमकले. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना त्यांनी वाडीचे पहारेकरी नेमले. ज्यांच्यावर कोणी विश्वास टाकला नव्हता, त्यांनी हा विश्वास प्राणपणाने सांभाळला. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यतेस त्यांनी थारा दिला नाही. ज्या काळात पाण्याचा एक घोट देण्यासही माणसे कचरत, त्या काळातील ही गोष्ट आहे.

त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि हा उद्योग पुणे-बंगळूरपर्यंत वाढविला. अशा रीतीने लक्ष्मणरावांना मुलानातवंडांचे वैभव पाहावयास मिळाले. पण वृद्धपणीही परीक्षा चुकली नाही. १९४८ सालच्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. अडतीस वर्षांचे कष्ट डोळ्यांदेखत जळाले. त्या वेळी लक्ष्मणरावांनी वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण केली होती. परंतु उजाड माळावर शून्यातून उभा राहिलेला कारखाना राखेतूनही उभा राहिला. त्यांनी घडविलेली माणसे पुन्हा कामास लागली आणि भट्टी पेटली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. चित्रकलेचा मार्ग खुंटला, नोकरीत न्याय मिळाला नाही, नांगर विकला जाईना, जागा गेली, आणि अखेर कारखानाही जळाला. यांपैकी प्रत्येक प्रसंगी थांबण्यास पुरेसे कारण होते. पण ते थांबले नाहीत. आज कुंडल रोडचे किर्लोस्करवाडी झालेले ते लहानसे स्थानक या कणखर पुरुषाची आठवण जागती ठेवीत आहे.