खाटा, तारा आणि एर्लांग

अतिदक्षता विभागातल्या सगळ्या खाटा भरलेल्या असल्या की आढावा बैठकीत समाधान व्यक्त होते. एकही खाट वाया जात नाही ना! या हिशेबात काय चुकते, ते आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच मांडले होते. त्यांच्यापुढे रुग्ण नव्हते, टेलिफोन होते.

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ चा. वडील खेड्यातले शाळामास्तर. थोरला भाऊ पुस्तक वाचायला बसला की हे समोरून तेच पुस्तक उलटे वाचत. १९०१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाची पदवी घेतली, काही वर्षे शिक्षकी केली आणि १९०८ मध्ये ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत दाखल झाले. तिथे नुसते टेबलावर बसणे नव्हते. शिडीवाला कामगार बरोबर घेऊन ते रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरत आणि मोजमापे घेत.

प्रश्न असा होता. तासाला १२० फोन येतात, प्रत्येक सरासरी पाच मिनिटे चालतो. म्हणजे एका तासात दहा तासांचे बोलणे. मग दहा तारा पुरायला हव्यात. पण फोन रांग लावून येत नाहीत. कधी एकदम पंधरा येतात, कधी चारच. एर्लांग यांच्या १९१७ च्या सूत्राने पाहिले, तर दहा तारांवर शंभरातले सुमारे २१ फोन परत जातात. पंधरा तारा ठेवल्या तर चारांहून कमी.

आता खाटा घ्या. रोज सरासरी पाच अत्यवस्थ रुग्ण येतात, प्रत्येकाचा मुक्काम सरासरी चार दिवस. हिशेबाने वीस खाटा. नेमक्या वीसच ठेवल्या तर शंभरातल्या सुमारे १६ रुग्णांना दारातूनच दुसरीकडे पाठवावे लागेल. पंचवीस ठेवल्या तर पाचांना. रिकामी दिसणारी खाट पुढच्या रुग्णासाठी असते, हे आमच्या बैठकांत सांगून सांगून मी थकलो आहे.

सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. दहा-दहा खाटांचे दोन विभाग आपापल्या खाटा राखून बसले तर प्रत्येकाकडून २१ टक्के परत जातात. त्याच वीस खाटा एकत्र वापरल्या तर १६ टक्के. उपग्रह संदेशवहनातही हेच. इंटेलसॅटच्या उपग्रहांवर १९७० च्या दशकात ‘स्पेड’ पद्धत आली. प्रत्येक भूस्थानकाला कायमच्या वाहिन्या नेमून देण्याऐवजी मागणी येईल तशी वाहिनी द्यायची, बोलणे संपले की परत घ्यायची. आजचे उपग्रह भार पाहून बँडविड्थ आपोआप इकडची तिकडे वळवतात. विभागप्रमुखांना मात्र ते अजून जमलेले नाही!

एर्लांग अविवाहित राहिले. ग्रंथसंग्रह मोठा, गरजूंना मदतीचा हात सढळ. जवळपास वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेले आणि ३ फेब्रुवारीला वारले. वय ५१. पेनिसिलिन तेव्हा औषध म्हणून डॉक्टरांच्या हाती आलेले नव्हते. दूरध्वनीवरील भाराच्या एककाला ‘एर्लांग’ हे नाव १९४६ मध्ये मिळाले.