यंत्रमानवाला वेदना देणारा लेखक

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राज्यात माणसाचे काय होईल, या विषयावर आज कितीतरी कादंबऱ्या आणि चित्रपट येत आहेत. त्यांतला ‘रोबो’ हा शब्द मात्र शंभर वर्षांपूर्वीचा आहे. तो जगभर पोहोचवला एका डॉक्टरच्या मुलाने. त्याचे नाव कारेल चापेक.

चापेक यांचा जन्म ९ जानेवारी १८९० रोजी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. वडील खाणी आणि कापड गिरण्यांच्या भागात डॉक्टरकी करत. कारेल यांनी प्रागमध्ये तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून १९१५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण विशी ओलांडताच पाठ धरली ती कायमची. आजार होता अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात. यात मणक्यांच्या सांध्यांना सूज येते आणि हळूहळू ते एकमेकांना जखडतात. मान वळत नाही, पाठ ताठ होते. याच दुखण्यामुळे पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात घेतले नाही. पुढे चालताना हातात काठी आली.

अशा शरीराने त्यांनी ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिले. ते १९२० मध्ये छापले गेले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. त्यातले कृत्रिम कामगार लोखंडाचे नाहीत, रसायनांपासून बनवलेल्या मांसाचे आहेत. त्यांना काय म्हणावे हे चापेक यांना सुचेना, तेव्हा चित्रकार भाऊ योसेफने ‘रोबो’ सुचवले. मूळ चेक शब्द ‘रोबोटा’, म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करायचे फुकट काम. आपल्याकडे यालाच वेठ म्हणतात. खोताच्या घरी कुळांनी केलेली वेठ पाली-सुधागडच्या जुन्या माणसांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

नाटकातल्या रोबोंना दुखतच नाही. त्यामुळे ते यंत्रात हात घालून बोटे मोडून घेतात. हे नुकसान टाळण्यासाठी कारखान्यातला शास्त्रज्ञ त्यांना वेदना देण्याचे प्रयोग करतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा विचार अचूक आहे. कुष्ठरोगात किंवा मधुमेहात पायाची संवेदना गेली की साध्या खड्यानेही जखम होते आणि ती चिघळेपर्यंत कळत नाही. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, हे रोज पाठदुखी सोसणाऱ्या लेखकाने ओळखले होते.

पुढे काही रोबोंच्या घडणीत बदल होतात, ते माणसासारखे चिडू लागतात आणि बंड करून माणसांना संपवतात. वाचतो फक्त एक जण, स्वतःच्या हातांनी काम करणारा बांधकामप्रमुख.

१९३६ च्या कादंबरीत चापेक यांनी हाच धोका पुन्हा मांडला. तिथे माणूस बुद्धिमान पाणसरड्यांना राबवतो आणि शेवटी तेच वरचढ होतात. १९३७ च्या नाटकात तर साथीच्या रोगावर उपाय सापडलेला एक डॉक्टर युद्ध थांबवण्याची अट घालतो आणि युद्धाने पेटलेला जमावच त्याला मारतो. चापेक हिटलरचे उघड विरोधक होते. म्युनिक करारानंतर त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. २५ डिसेंबर १९३८ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. तीन महिन्यांनी नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या. भाऊ योसेफ १९४५ मध्ये छळछावणीत गेला.

चापेक यांच्या काळात या आजारावर खास औषध नव्हते. १९७३ मध्ये एचएलए-बी २७ या जनुकाशी त्याचा संबंध सापडला. आज नियमित व्यायाम, सूज कमी करणाऱ्या गोळ्या आणि गरज पडल्यास जैविक औषधांची इंजेक्शने यांनी तो बराच आटोक्यात राहतो. अडचण उशिरा निदानाची. तरुण मुलगा पाठ दुखते म्हणाला की ओझे उचलले असेल, बाइकचे हादरे बसले असतील, असे म्हणून मलम चोळले जाते. हल्ली मोबाइललाही विचारले जाते. तो शंभर कारणे सांगेल, पण पाठीवरून हात फिरवून ती किती वाकते हे पाहणार नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. वय ४५ च्या आत, दुखणे तीन महिन्यांहून जुने, सकाळी उठताना पाठ अर्धा तास तरी आखडलेली, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने सैल होणारी असेल, तर ती साधी पाठदुखी समजू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. धूम्रपान करत असाल तर सोडा, कारण त्याने हा आजार बळावतो.