बाहुल्यांचं रामायण

कोपरखैरणे गावात हळदीला आगरी-कोळी गाणं लागलं, की कुणाला स्टेप्स शिकवाव्या लागत नाहीत. पण असा अंगात मुरलेला नाच थेट आजच्या रंगमंचावर आला तर? अमेरिकेच्या कॅथरीन डनहॅमने ते करून दाखवलं. १९३५-३६मध्ये ती जमैका, हैतीत गेली, तिथले लोकनाच शिकली आणि त्यातून तिने आधुनिक नृत्य घडवलं.

आपल्या मुंबईत हीच वाट धरली शांती बर्धन यांनी. बंगालमध्ये जन्मलेला हा कलावंत उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून ‘इप्टा’त आला. अंधेरीत सगळं पथक एकत्र राहायचं, एकत्र तालीम करायचं. लोकनाचांचा आधार घेत तिथेच ‘इंडिया इमॉर्टल’ हा बॅले उभा राहिला.

मग क्षयाने गाठलं. नर्तकाचा दमच हिरावला गेला. दुसरा कुणी घरी बसला असता. बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढला आणि ‘रामायण’ बसवायला घेतलं. त्यात कलाकार चक्क कळसूत्री बाहुल्या झाले! चेहऱ्यावर मुखवटे, ताठ अंग, झटक्यात वळणारे हात. जत्रेतला खेळ हाडामांसाची माणसं खेळू लागली.

१९५४मध्ये, चाळिशीही न गाठता, बर्धन गेले. हाती घेतलेलं ‘पंचतंत्र’ सहकाऱ्यांनी पूर्ण केलं. पत्नी गुल बर्धन यांनी ट्रूप पुढे कित्येक वर्षं सांभाळला. दोरी ओढणारा गेला, बाहुल्या मात्र नाचत राहिल्या.